यंत्राला भावना नसतात, हे ठणकावून कसे सांगावे

पुण्यात राहून कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मत नसणे शोभत नाही. मानवतावादाची बाजू घ्या. तिला खर्च येत नाही आणि टिळक रोडवर तिला हमखास टाळ्या पडतात.

सुरुवात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटॅगोरसपासून करा: माणूस हेच सर्व गोष्टींचे माप. हे माप सदाशिव पेठेतले की हडपसरातले, असे कुणी विचारलेच तर वेळ संपल्याचे सांगा. मग विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय. त्यांनी १९४६ साली नवमानवतावादाचे २२ सिद्धान्त मांडले. तुम्हाला दोन आठवले तरी पुरे, समोरच्यांना एकही आठवत नसतो.

आता मुख्य मुद्दा. १९८० साली अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी एक खोली कल्पिली. आत चिनीचा गंध नसलेला माणूस. तो नियमांचे पुस्तक बघून चिनी उत्तरे बाहेर सरकवतो आणि बाहेरच्यांना वाटते, आत पंडित बसलाय. यंत्राचेही तसेच. पण चिनी आपल्याला परकी, तेव्हा सरळ ज्ञानेश्वरांचा रेडा काढा. ‘रेडा वेद बोलला, म्हणून त्याला वेद कळले का हो?’ इथे टाळी घ्या आणि पुढच्या मुद्द्याकडे पळा. कारण त्या कथेत फजिती रेड्याची होतच नाही, वेद मुखोद्गत असलेल्या पैठणच्या पंडितांची होते. शिवाय आसूड रेड्यावर ओढले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, हेही श्रोत्यांना आठवायचे. तुमचे भाषण तर पाठ केलेले. त्यात पाठीवर वळ नाही.

एलायझाचा उल्लेख जपून करा. जोसेफ वायझेनबाऊम यांचा १९६६चा हा प्रोग्राम समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी डोक्याने रिकामा. तरी त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलता बोलता वायझेनबाऊमना खोलीबाहेर जायला सांगितले. यात यंत्राची करामत किती आणि ऐकून घेणाऱ्या माणसांचा तुटवडा किती, या फंदात पडू नका. विशेषतः घरी आई गुडघ्यांबद्दल सांगत असताना. तुम्ही मोबाइलवरून नजर न काढता ‘हं’ म्हणता. एलायझा निदान ‘कधीपासून दुखतंय?’ तरी विचारेल.

भाषण आटोपून घरी आलात की सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्यावरचे काका गेल्याचा निरोप असतो. काकांनी वीस वर्षे तुमची कुरिअर घेऊन ठेवलेली. शब्द सुचत नाहीत. सुचायलाच हवेत, असा हट्टही धरू नका. यंत्राला सांगा, ‘चार ओळी, भावपूर्ण, फार रडके नको.’ ते लिहून देते, आणि छान देते.

नाव तेवढे तपासून घ्या. मागच्या खेपेला माझ्या हातून काकांऐवजी काकूंना श्रद्धांजली गेली. खाली ३७ जणांनी हात जोडले. त्यांत काकूही होत्या.