महाग तेच खात्रीचं? फिरत्या मेसेजचा हिशेब

एक मेसेज बरेच दिवस या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. थोडक्यात तो असा: "गर्भनिरोधक म्हणजे दर महिन्याचा फुकटचा खर्च. स्वस्त गोळ्या कमअस्सल असतात, भरवशाचं हवं तर महागडंच घ्यावं लागतं. तांबी, इम्प्लांट हे पैसेवाल्यांचे चोचले. परवडत नसेल तर पाळीच्या चक्रातले पहिले सात आणि शेवटचे सात दिवस सुरक्षित असतात, तेवढे सांभाळा. चुकलंच तर ७२ तासांची गोळी आहे, ती महिनाभराच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडते. आणि कायमचं करायचं तर बाईचं ऑपरेशन." खाली जोडलेले हात आणि 'सगळ्या बहिणींपर्यंत पोचवा'.

पैशाची अडचण खरी आहे, त्याबद्दल लिहिणाऱ्याशी भांडण नाही. परवडत नाही म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्या बायका असंख्य आहेत. पण या मेसेजने हिशेबच चुकीचा मांडलाय. तो फक्त काउंटरवर किती पैसे पडले ते बघतो. ते साधन किती दिवस पुरणार, किती वेळा दगा देणार आणि ते घेण्यासाठी किती खेपा घालाव्या लागणार, हे त्यात कुठेच धरलेलं नाही.

"स्वस्त गोळ्या कमअस्सल" यापासूनच सुरुवात करू, कारण यामुळे सर्वात जास्त पैसा वाया जातो.

गोळीची किंमत ठरते ती ब्रँडवर, पाकिटावर, जाहिरातीवर आणि औषध नवं आहे की जुनं यावर. गर्भ रोखण्याच्या ताकदीवर ती ठरत नाही. जेनेरिक गोळीला, म्हणजे तेच औषध मोठ्या ब्रँडशिवाय विकणाऱ्या गोळीला, मान्यता देताना तिच्यातलं औषध रक्तात किती आणि किती वेगाने पोचतं हे मूळ गोळीशी ताडून बघतात, आणि ते ठरलेल्या मर्यादेत जुळावं लागतं. एथिनिल इस्ट्रॅडिऑल (हे एक इस्ट्रोजेन) आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल ही हार्मोनची जोडी असलेली जुनी, साधी गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ती स्वस्त आहे, कारण तिच्यावर आता कुणाची मक्तेदारी उरलेली नाही.

उलट एका बाबतीत ही जुनी गोळी नव्या महागड्या गोळ्यांपेक्षा सरस आहे. अशा जोडीच्या, म्हणजे एकत्रित गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा थोडासा धोका वाढतो, हे सर्वांना माहीत असतं. तो सगळ्या गोळ्यांमध्ये सारखा नसतो, हे फारसं कुणी सांगत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये आकडे मांडले ते असे: गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्यांमध्ये ५ ते ७, ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या नंतरच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ९ ते १२. गरोदरपणात हा धोका या सगळ्यांहून जास्त असतो, म्हणून या आकड्यांनी घाबरून कुणी चालू गोळी टाकून देऊ नये. पण 'जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त सुरक्षित' हे यातून तरी निघत नाही. मुरुमं किंवा तसंच काही कारण असेल तर डॉक्टर नवी गोळी देतात, ते ठीक आहे. कारण न सांगता महागडी गोळी लिहून दिली असेल, तर "यातलीच साधी, स्वस्त चालेल का?" हे विचारायला लाजायचं कारण नाही.

कुणी कोणती गोळी टाळावी याचाही किमतीशी संबंध नाही. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून मग अर्धशिशी उठत असेल, पस्तिशी ओलांडली असून सिगारेट ओढत असाल, रक्तदाब चढा असेल किंवा आधी गुठळी झाली असेल, तर इस्ट्रोजेन असलेली कुठलीच गोळी नको, स्वस्त नको आणि महागही नको. म्हणून ही माहिती विचारणं आणि रक्तदाब मोजणं महत्त्वाचं. एरवी निरोगी बाईला गोळी सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज किंवा आतून तपासणी करावीच लागते, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन म्हणत नाही. काही ठिकाणी गोळीपेक्षा या तपासण्यांचंच बिल मोठं होतं.

खेपांचंही तसंच. त्याच मार्गदर्शनात वर्षभराची पाकिटं एकदम द्यायला हरकत नाही असं म्हटलंय. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, वर्षभराच्या गोळ्या एकदम मिळालेल्या बायकांमध्ये नको असताना दिवस राहण्याची शक्यता, एक किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन जाणाऱ्यांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळली. कारण अगदी साधं: पाकीट संपलं आणि दुकानात जायला वेळ नाही, किंवा हातात पैसे नाहीत, हा प्रसंगच कमी वेळा येतो.

आता "तांबी, इम्प्लांट म्हणजे चोचले". इम्प्लांट म्हणजे दंडात कातडीखाली बसवायची हार्मोनची बारीक काडी.

तांबी हातात घेऊन बघितली तर टी आकाराचा प्लास्टिकचा एवढासा तुकडा दिसतो, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, खाली दोन दोरे. सर्वात प्रचलित प्रकारात तांब्याचा पृष्ठभाग ३८० चौरस मिलीमीटर असतो आणि ती निदान १० वर्षं चालते. यात चोचले कसले? खर्च एकदम पडतो म्हणून तो डोळ्यांत भरतो, इतकंच.

हिशेब गोळ्यांच्या पाकिटांतच करून बघा. पाकीट २८ दिवसांचं असतं, म्हणून वर्षाला १२ नाही, १३ पाकिटं लागतात. तेरावं पाकीट बहुतेक जण विसरतात. आता समजा तपासणी, तांबी आणि बसवण्याची फी मिळून २० पाकिटांइतका खर्च आला. दीड वर्षात तो फिटला. दहा वर्षांत गोळीवाल्या बाईने १३० पाकिटं घेतलेली असतील. तुमच्याकडे २० ऐवजी ४० आकडा निघाला तरी तीन वर्षांत बरोबरी होते.

पण हे गणित तांबी टिकली तरच खरं. सहा महिन्यांत काढावी लागली, तर तीच गोळीच्या तिप्पट महाग पडली असं समजा. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अंगावरून रक्त जास्त जातं, पोटात कळा येतात. काहींची तांबी आपोआप बाहेर पडते, आणि तसं झालं तर बहुधा पहिल्या वर्षातच. ज्यांना आधीपासूनच पाळीत भरपूर रक्तस्राव होतो, हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांच्यासाठी तांबी कागदावर स्वस्त असली तरी पॅड आणि लोहाच्या गोळ्या यांचा खर्च त्यात धरायला हवा. अशांना हार्मोनवाली तांबी बरी पडू शकते. तिने रक्तस्राव कमी होतो, तिचा एक प्रकार ८ वर्षांपर्यंत चालतो, पण तिची किंमत बरीच जास्त असते. मूल झालेलं नसेल तर तांबी बसवता येत नाही, ही समजूत मात्र जुनी आणि चुकीची आहे. काढल्यावर दिवस राहण्याची क्षमता लगेच परत येते.

आता भरवशाचं बघू. १०० जोडप्यांनी एखादं साधन, माणसं वापरतात तसं, म्हणजे विसरत, चुकत वापरलं, तर वर्षभरात किती जणींना दिवस राहतात याचे अमेरिकेतले अंदाज प्रसिद्ध आहेत. काहीच न वापरता ८५. वेळेवर बाहेर काढण्याच्या भरवशावर २०. कंडोम १३. गोळी ७. तीन महिन्यांचं इंजेक्शन ४. तांबी एकाहूनही कमी, हजारात ८. दंडात बसवायचं इम्प्लांट हजारात १ च्या आसपास. गोळी आणि तांबी यांतला फरक औषधाच्या ताकदीचा नाही. गोळी रोज आठवणीने घेतली तर तीही शंभरात एकीलाही दगा देत नाही. पण रोज आठवणीने घेणं जमत नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात २००७ ते २०११ या काळात ९,००० हून जास्त बायकांना सगळी साधनं मोफत देऊन आणि प्रत्येकाची नीट माहिती सांगून, हवं ते निवडा, असं सांगितलं गेलं. सुमारे तीन चतुर्थांश जणींनी तांबी किंवा इम्प्लांट निवडलं. गोळी, पॅच (कातडीवर चिकटवायची हार्मोनची पट्टी) आणि रिंग (योनीत ठेवायची हार्मोनची कडी) वापरणाऱ्यांमध्ये वर्षाला शंभरात साडेचार जणींना नको असताना दिवस राहिले. तांबी-इम्प्लांटवाल्यांमध्ये हजारात तिघींनाही नाही. म्हणजे किमतीचा अडसर काढला की ज्या साधनांना हा मेसेज चोचले म्हणतो तीच बहुतेकींना हवी असतात. पहिल्या दिवशीचं बिल हप्त्यांत भरता येईल का, एखाद्या योजनेतून किंवा विम्यातून सुटेल का, ही चौकशी म्हणूनच महत्त्वाची.

"पहिले सात, शेवटचे सात" हा सल्ला फुकट आहे खरा. चक्र २४ दिवसांचं असेल तर काय होतं बघा. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे इथे दहाव्या दिवशी. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे पाचव्या दिवसापासूनच धोका सुरू झाला, आणि मेसेज सातव्या दिवसापर्यंत निर्धास्त राहायला सांगतोय. शेवटचे सात दिवस कोणते, हे तर पाळी आल्यावरच कळणार.

दिवस मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, तिची टिंगल करण्याचं कारण नाही. चक्र नेहमी २६ ते ३२ दिवसांत बसत असेल, तर आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत संबंध टाळायचे किंवा कंडोम वापरायचं. ही पद्धत वापरणाऱ्या शंभरात साधारण १२ जणींना वर्षभरात दिवस राहतात, म्हणजे कंडोमच्या जवळपासच. पण महिन्यातले सलग १२ दिवस जोडीदाराने ऐकायला हवं. ज्या घरात तो ऐकत नाही, तिथे ही पद्धत फुकट असूनही सर्वात महागात पडते. बाळंतपणानंतर, पाळी अनियमित असताना किंवा पाळी जायच्या सुमारास ती वापरूच नये.

७२ तासांच्या गोळीबद्दल. त्या एका गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅम असतं. रोजच्या साध्या गोळीत असतं ०.१५, म्हणजे ही दहा गोळ्यांइतकी मात्रा झाली. ती धोकादायक नाही, गरज पडली तर जरूर घ्यावी आणि जितकी लवकर तितकी बरी. पण ती फक्त झालेल्या प्रसंगापुरती आहे. ती बीज सुटणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही. त्याच रात्री पुन्हा संबंध आला तर संरक्षण शून्य. महिन्यातून दोन-तीनदा घेणाऱ्या बाईने पाकिटाहून जास्त पैसे मोजलेले असतात, पाळीचा गोंधळ वेगळा, आणि वर्षभराच्या हिशेबात भरवसा कमीच. तातडीचा सर्वात खात्रीचा उपाय खरं तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा आहे. ती पुढची दहा वर्षंही सांभाळते. हे कुठल्याच मेसेजमध्ये नसतं.

"कायमचं करायचं तर बाईचं ऑपरेशन." का? पुरुषाच्या नसबंदीत पोट उघडावं लागत नाही, त्या जागेपुरती भूल पुरते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. ती जास्त सोपी आहे, कमी गुंतागुंतीची आहे, एरवी कमी खर्चाची आहे आणि अपयशाचं प्रमाणही बायकांच्या ऑपरेशनपेक्षा कमी आहे. बिनटाक्याची पद्धत चीनमध्ये १९७४ पासून वापरात आहे. पुरुषत्वावर, ताकदीवर परिणाम होत नाही. एकच पथ्य: तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून घ्यायची, तोवर दुसरं साधन वापरायचं. खर्चाचाच मुद्दा असेल तर या मेसेजने सर्वात आधी हे सांगायला हवं होतं.

कंडोमचं नाव तर मेसेजमध्ये कुठेच नाही. जोडीदार परगावी असतो, भेट महिन्या-दोन महिन्यांनी होते, अशांसाठी ते बहुधा सर्वात स्वस्त, कारण वापराल तेवढ्याचेच पैसे. लैंगिक संबंधातून पसरणारे आजार रोखणारंही तेच. मुदत तपासा, पाकीट दातांनी फाडू नका, आणि लॅटेक्सच्या कंडोमला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका.

तीन महिन्यांच्या इंजेक्शनबद्दल एक गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची: ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असेल तर स्वस्त दिसलं तरी ते निवडू नका.

आणि तांबी किंवा इम्प्लांट ठरवत असाल तर बसवण्याची फी विचारतानाच काढण्याचीही विचारून ठेवा. मुदतीआधी काढायचं झालं तर किती, आणि मागेन त्या दिवशी काढून मिळेल का, हे दोन्ही प्रश्न बसवण्याआधी विचारायचे. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे चौकशी करा.