‘साथ ओसरेपर्यंत आजारी मुलाला डॉक्टरांकडे नेऊ नका’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला फिरत राहिला आहे, आणि नव्या विषाणूची बातमी आली की तो थोड्याफार फरकाने पुन्हा समोर येतो. त्याचा आशय असा: साथीच्या काळात डॉक्टर मुलांना तपासत नाहीत, तेव्हा अपॉइंटमेंटसाठी धडपडू नये, दवाखान्यात गेल्यास नसलेला आजार घरी येतो, फोनवरून घेतलेला सल्ला निरुपयोगी आणि बेकायदा असतो, मुलांचा ताप तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो आणि कोरोना मुलांना काही करत नाही, लसी पुढे कधीही देता येतात, आणि चाचणी झालीच तर मुलाला आईपासून दूर नेऊन ठेवतात. यातील जवळजवळ प्रत्येक विधानात खऱ्याचा काही अंश आहे, म्हणून ते चटकन पटते. परंतु हे सगळे एकत्र करून काढलेला ‘घरीच थांबा’ हा निष्कर्ष लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि म्हणून त्याला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

डॉक्टर भेटतच नाहीत, हा पहिला मुद्दा. २४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीचा जो आदेश काढला, त्यात रुग्णालये, दवाखाने, औषधांची दुकाने आणि रुग्णवाहिका यांना स्पष्टपणे वगळले होते. म्हणजे आजारी मुलाला घेऊन बाहेर पडायला कायद्याची आडकाठी नव्हती. तरीही अनेक छोटे खासगी दवाखाने पहिल्या काही आठवड्यांत बंद राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. संरक्षक पोशाख मिळत नव्हते, कित्येक डॉक्टर स्वतः साठीच्या पुढचे किंवा मधुमेही होते, आणि मुंबईत लोकल थांबल्यामुळे नर्स व कंपाउंडर कामावर पोहोचू शकत नव्हते. त्या दिवसांत दाराला कुलूप पाहून परत फिरलेल्या आईवडिलांचा राग रास्त होता आणि यंत्रणेने तो ऐकायला हवा होता. मात्र नेहमीचा दवाखाना बंद असणे आणि डॉक्टरच उपलब्ध नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार बंद असलेले कित्येक बालरोगतज्ज्ञ फोनवर उपलब्ध होते. प्राथमिक आरोग्य केंद्रे, महापालिकांचे दवाखाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे बालरोग विभाग सुरू होते. आणि गावात मुलाला कुठे न्यावे हे आशा सेविकेला बहुतेक वेळा नेमके ठाऊक असे. नंबर लावण्याची पद्धत बदलली होती, आणि ती बदललेली पद्धत लोकांपर्यंत पोहोचवण्याऐवजी हा सल्ला त्यांना प्रयत्नच सोडून द्यायला सांगत होता.

दुसरा मुद्दा प्रतीक्षागृहातील संसर्गाचा, आणि तो पूर्णपणे खरा धोका आहे. बंद खोलीत वीस माणसे खोकत बसली असतील, तर तिथे तान्हे बाळ घेऊन तासभर थांबणे कोणत्याही वर्षी वाईटच. पण त्यावरचा उपाय दवाखान्यांनी शोधला होता आणि तो साधा होता: फोनवर वेळ ठरवून द्यायची, मुलाबरोबर एकाच पालकाला आत घ्यायचे, बाकीच्यांनी आवारात किंवा गाडीत थांबायचे, आणि तापाच्या मुलांची व लसीकरणाला आलेल्या निरोगी बाळांची वेळ वेगळी ठेवायची. पालकांनी गर्दीची भीती बाळगावी आणि तीच भीती फोनवर बोलून दाखवावी. ‘बाळ दोन महिन्यांचे आहे, बाहेर थांबून आमची पाळी आली की आत येऊ शकतो का’ असे विचारले, तर सहसा सोय होते. एक बारकावा सांगायला हवा. ताप आणि खोकला आहे हे अपॉइंटमेंट घेताना लपवले, तर मुलाला निरोगी बाळांच्या वेळेत बसवले जाते आणि दुसऱ्या कुणाच्या तान्ह्याला धोका पोहोचतो. नंबर मिळणार नाही या भीतीपोटी पालक ही माहिती दडवत असत. ती भीती मला समजते, पण दडवण्याचे समर्थन मी करू शकत नाही.

फोनवरचा सल्ला बेकायदा असतो, हे विधान २५ मार्च २०२० नंतर सरळ चुकीचे आहे. त्या दिवशी भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी काम करणाऱ्या नियामक मंडळाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ती डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचा भाग झाली. त्यांत मुलांसाठी स्वतंत्र अट आहे: मुलाचे वय नक्की करावे आणि सोबत एक प्रौढ व्यक्ती असावी, जिची ओळख डॉक्टरांनी पटवून घ्यावी. कोणते औषध कशा प्रकारच्या संभाषणावर लिहिता येईल, याचीही वर्गवारी आहे. पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी औषधे पहिल्याच फोनवर सांगता येतात, काहींसाठी व्हिडिओवर मुलाला पाहणे आवश्यक ठरते, तर अमली आणि तत्सम औषधे दुरून लिहिताच येत नाहीत. सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठवण्यास मुभा आहे. त्यानंतर एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारची ई-संजीवनी ही विनामूल्य बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली.

निरुपयोगीपणाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण फोनवरून छाती तपासता येत नाही, कानात डोकावता येत नाही आणि पोट दाबून पाहता येत नाही. हे खरेच आहे. परंतु फोनवरील पहिल्या संभाषणाचे काम निदान करणे हे नसून, या मुलाला आत्ता आणायचे, उद्या आणायचे की घरी ठेवून लक्ष द्यायचे हे ठरवणे असते. आणि ते काम किती चांगले होईल हे बरेचसे आपण काय सांगतो यावर अवलंबून असते. ‘खूप ताप आहे, काही खात नाही’ या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी वय, वजन, ताप कधीपासून आणि तापमापकावर किती, शेवटची लघवी कधी झाली, पाणी किंवा दूध घेते का, उलट्या-जुलाब किती, अंगावर पुरळ आहे का, आणि आतापर्यंत कोणते औषध किती वाजता दिले, एवढे कागदावर लिहून फोन करावा. औषधाची बाटली हातात धरून तिच्यावरचा आकडा वाचून दाखवावा. पॅरासिटामॉलच्या तान्ह्यांसाठीच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंब सुमारे चौपट तीव्र. ‘अर्धा चमचा दिले’ असे सांगितल्यावर डॉक्टर ‘कोणत्या बाटलीतले?’ असे का विचारतात, ते यावरून ध्यानात येईल.

आता सल्ल्याचा गाभा: ताप आपोआप उतरतो, म्हणून थांबावे. मुलांचे बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि उतरतात, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ मान्य करील. जून २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मुलांमधील कोरोनाबाबत जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यातही सौम्य आजाराला पॅरासिटामॉल, पुरेसे पाणी आणि आहार एवढेच उपचार सांगितले होते, आणि सौम्य आजारात स्टेरॉइड घातक ठरतात असे बजावले होते. पण हीच सूचना पालकांना लक्ष ठेवायलाही सांगते, आणि फिरत्या सल्ल्यातून नेमका तेवढाच भाग गळून पडला आहे. कोणते मूल थांबू शकते आणि कोणते नाही, याची ठोस लक्षणे आहेत, आणि ती घरातल्या कुणालाही शिकता येतात.

तीन महिन्यांहून लहान बाळाला १०० पूर्णांक ४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर वाट पाहायची नाही. त्या वयात गंभीर जंतुसंसर्गाचे तेवढेच एक लक्षण असू शकते. मूल काहीच पीत नसेल किंवा अंगावर ओढत नसेल, घेतलेले सगळे उलटून टाकत असेल, आकडी आली असेल, किंवा हाक मारूनही नीट जागे होत नसेल, तर वयाचा विचार न करता तातडीने न्यावे. श्वासाबाबत आपल्याकडच्या आजीबाईंचा ‘पोट उडतंय’ हा शब्द अतिशय नेमका आहे. मूल रडत किंवा दूध पीत नसताना अंगातला सदरा वर करावा, घड्याळ समोर ठेवावे आणि पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्यांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे श्वास जलद चालला आहे. त्याबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

थांबण्याच्या काळात घरी जे केले जाते, त्याचाही विचार करायला हवा. दवाखाना टाळला की मागच्या वर्षीची चिठ्ठी बाहेर निघते, मोठ्या भावाचे उरलेले प्रतिजैविक धाकट्याला दिले जाते, किंवा औषधाच्या दुकानातून ‘ताप लवकर उतरवणारी’ गोळी आणली जाते. निमेसुलाइड हे तापावरचे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. जुलाबात ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवणे ही तर नेहमीची चूक; ते द्रावण इतके खारट होते की बाळाच्या रक्तातील क्षार धोकादायक पातळीला जाऊ शकतात. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, आणि चमच्याचमच्याने. फोनवर दोन मिनिटे बोलणारा डॉक्टर अशा चुका टाळू शकतो.

कोरोना मुलांना काही करत नाही, हे विधान बहुसंख्य मुलांच्या बाबतीत खरे ठरले. त्याच्या उलट टोकाची, तिसरी लाट मुलांवरच येणार ही भीतीही मे २०२१ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने निराधार ठरवली होती. परंतु मे २०२० पासून जगभर एक वेगळा आजार दिसू लागला होता: संसर्ग होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांना सतत ताप, पोटदुखी, उलट्या, लाल डोळे आणि पुरळ येऊन हृदयावर परिणाम होत असे. ही मुले वेळेत रुग्णालयात पोहोचली तर बहुतेक बरी होत. उशीर झाला तर रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत येत. मूळ संसर्ग अनेकदा घरच्यांच्या लक्षातही आलेला नसे, म्हणून तिसऱ्या दिवशीही न उतरलेला ताप डॉक्टरांना दाखवणे महत्त्वाचे होते. शिवाय महाराष्ट्रातला पावसाळा साथीमुळे थांबला नव्हता. डेंग्यू, मलेरिया, विषमज्वर आणि लेप्टो आपापल्या वेळी येतच राहिले, आणि डेंग्यूत तर ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सर्वांत धोक्याचे असतात, ज्या वेळी हा सल्ला पाळणारे घर निर्धास्त झालेले असते.

लसी नंतर देता येतात, या मुद्द्याला थोडक्यात उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या आकडेवारीनुसार घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचा पहिला डोसही न मिळालेली बालके भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती, ती २०२० मध्ये ३० लाखांवर गेली. चुकलेला डोस नंतर देता येतो हे खरे आहे. तो ज्यांना दिला गेला नाही, ती मुले मात्र पुढच्या साथीला उघडी पडतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच मालेगाव आणि भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात बालके दगावली. त्याला दाटीची वस्ती, कुपोषण आणि लसीविषयीचा संशय ही कारणेही होती, पण साथीच्या काळात राहून गेलेले डोस त्यांत निश्चित होते.

मुलाला आईपासून तोडतात, ही भीती सर्वांत खोल आहे आणि तिच्यामुळे कित्येक घरांनी तोंड मिटून ठेवले. सुरुवातीच्या काही आठवड्यांत विलगीकरण कठोर होते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच बाधित आईने हात धुऊन, मुखपट्टी लावून बाळाला अंगावर पाजावे आणि बाळ तिच्याजवळच ठेवावे असे सांगितले होते, आणि पुढे सौम्य आजाराच्या मुलांवर घरीच उपचार करण्याचे धोरण आपल्याकडेही होते. ही भीती वाटत असेल, तर नेण्यापूर्वीच फोनवर विचारावे की मुलाला दाखल करावे लागल्यास आई किंवा वडील सोबत राहू शकतील का.

आणि तरीही एखाद्या दारातून परत पाठवले गेले तर? साध्या तापासाठी दुसरा डॉक्टर शोधता येतो. मूल अत्यवस्थ असेल तर प्रश्न अपॉइंटमेंटचा राहतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार देणे त्याचे कर्तव्य आहे. अशा वेळी थेट अपघात विभागात जावे, चाचणीच्या अहवालाशिवाय तपासणार नाही असे सांगितल्यास प्राथमिक उपचार आधी सुरू करण्याचा आग्रह धरावा, आणि वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. फोन लागल्यावर आधी पत्ता आणि जवळची खूण सांगावी, मग मुलाचे वय, आणि मग श्वास कसा चालला आहे ते.