चोवीस तास थांबा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'फोन हॅक झालाय? हे सात नियम पाळा' असा एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. वर 'सायबर सेल, मुंबई यांच्या आदेशावरून', खाली 'किमान दहा जणांना पाठवा'. अधिकाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, आदेशाचा क्रमांक नाही. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, असले मेसेज गिऱ्हाईक रोज दाखवतं. प्रत्येकाला उत्तर देत बसलो तर चार्जिंग जॅक कोण बदलणार, म्हणून गप्प होतो. पण हा तासगावात माझ्या आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला. तिनं तो खरा मानला. खात्यातून पैसे गेल्यावर तिनं मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. का, तर मेसेजात लिहिलंय, थांबा.

म्हणून सातव्या नियमापासूनच सुरू करतो. तो असा: 'पैसे गेल्यास लगेच तक्रार करू नका. बँकेला कळवले की खाते गोठवतात. २४ तास थांबा, चुकीचा व्यवहार असेल तर पैसे आपोआप परत येतात. फोन ताबडतोब फॉर्मॅट मारा.'

चार वाक्यं, आणि चारही चोराच्या सोयीची. चोरानं स्वतः लिहायचं ठरवलं असतं तरी याहून बरं जमलं नसतं.

'आपोआप परत येतात' हे कुठून आलं ते सांगतो. यूपीआयचा व्यवहार मध्येच अडकला, म्हणजे आपल्या खात्यातून वजा झाले पण समोर जमा झाले नाहीत, तर ते पैसे खरंच आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये त्याची मुदतसुद्धा ठरवून दिलीय. पण फसवणुकीचा व्यवहार अडकलेला नसतो. तो अगदी व्यवस्थित पूर्ण झालेला असतो. चोराच्या खात्यात जमा झालेली रक्कम कशाला आपोआप परत येईल?

ते खातंही चोराचं नसतं. कमिशनच्या लोभानं कुणीतरी वापरायला दिलेलं, भाड्याचं खातं असतं. मार्केट यार्डात हळदीचं एकच पोतं दुपारपर्यंत चार जणांच्या नावावर फिरावं, तशी रक्कम तिथून पुढच्या खात्यांत फुटते, आणि कुठल्या तरी एटीएममधून निघते. हे सगळं काही मिनिटांत, फार तर काही तासांत. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी फोन नंबर आहे तो यासाठीच. तिथं तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या बँकेत गेलेत तिथं कळवलं जातं, आणि रक्कम अजून खात्यात असेल तर ती तिथंच रोखून धरता येते. असेल तर. चोवीस तासांनी काय उरणार?

आता बँकेची बाजू. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी तसंच १४ डिसेंबर २०१७ ला निघालं. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणीतरी घोटाळा केला, आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमच्या अंगावर. त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे, म्हणजे त्यांच्या मर्जीवर. चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर टाकलीय. आणि तुम्ही स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर? तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

आत्याचे पैसे तीन वेळा गेले. दोनदा दुपारी, पाठोपाठ. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी, ती चोवीस तास पुरे व्हायची वाट बघत बसली होती तेव्हा. पहिल्या दिवशीच बँकेला कळवलं असतं तर हा तिसरा व्यवहार बँकेच्या गळ्यात पडला असता. (बँकेचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात दोष नाही.) संध्याकाळी आम्ही १९३० ला तक्रार केली. त्या सकाळच्या व्यवहाराची रक्कम पुढच्या खात्यात अडकली. दुपारच्या दोन्हींचा पत्ता नाही.

खाती गोठतात, ही गोष्ट मात्र मला नाइलाजानं मान्य करावी लागते. पण गोठतं ते तक्रार करणाऱ्याचं खातं नव्हे, पैसे ज्यांच्याकडे गेले त्यांचं. त्यात कधी निर्दोष माणूसही सापडतो. चोरीच्या पैशातून कुणीतरी बेदाणे घेतले, किंवा माझ्याकडून हेडफोन घेतला, तर त्या साखळीत दुकानदाराचं खातं येतं आणि मग तो बँक ते पोलीस ठाणं अशा चकरा मारतो. तो त्रास खरा आहे. पण त्यावरून ज्याचे पैसे गेले त्यानंच तोंड मिटून बसावं, हा निष्कर्ष कुठल्या डोक्यातून निघाला?

राहिलं फॉर्मॅट. आत्याला फॉर्मॅट मारता येत नाही, म्हणून पुरावा शिल्लक राहिला. तिच्या फोनमध्ये 'बँक केवायसी' नावाची एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, टाकलेली होती, व्हॉट्सॲपवरून आलेली. ॲपचं चित्र स्क्रीनवर कुठंच दिसेना. सेटिंगमध्ये जाऊन ॲप्सची यादी उघडली तेव्हा सापडलं. परवानग्या बघितल्या तर एसएमएस वाचायची परवानगी दिलेली, संपर्क दिलेले, फोन कॉल दिलेले. म्हणजे बँकेचा ओटीपी आत्याला येत होता आणि तिच्या आधी चोराला. फॉर्मॅट मारला असता तर ही फाईल गेली असती, हे खरं. पण तिच्याबरोबर मेसेज, कॉलची नोंद, चोराचा नंबर, सगळंच गेलं असतं. त्यापेक्षा फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा, आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आधी बँकेला आणि १९३० ला कळवा. स्क्रीनशॉट, तक्रार हे सगळं झालं की मग खुशाल माझ्याकडे घेऊन या, फॉर्मॅट मारून देतो.

आता सहावा नियम. मेसेज लिहिणाऱ्यानं इथं कळस गाठलाय: 'खरा हॅकर सुशिक्षित व सभ्य असतो, तो गरिबांना लुटत नाही. धमकी देणारा तो फ्रॉड. नाव व पद सांगून आदराने बोलणाऱ्याशी बोलण्यास हरकत नाही.'

आत्याला लुटणारा कसा बोलला, विचारा. पहिलं वाक्य होतं, "मावशी, जेवण झालं का?" मराठीत. मग नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, ओळखपत्राचा फोटो पाठवला. "सावकाश करा, घाई नाही, मी लाइनवर आहे," म्हणाला. पैसे गेल्यावरसुद्धा आत्या मला म्हणते, "अरे, पोरगं वाईट वाटत नव्हतं रे. आईची चौकशी करावी तसं बोलत होतं." धमकावणारेही आहेतच. पोलिसांचा वेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारे. अशी अटक कायद्यात कुठंच नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. पण त्या टोळीतही एक दरडावतो आणि दुसरा 'मी तुम्हाला यातून सोडवतो' म्हणत गोड बोलतो. पैसे या दुसऱ्याच्या हातात पडतात.

हा सभ्य हॅकर कुठून उपटला, याचा मला अंदाज आहे. मोबाईलवर रोज एक भाग येणाऱ्या प्रेमकथा. नायक हॅकर, काळी हुडी, विस्कटलेले केस, रात्री तीन वाजता नायिकेच्या फोनमध्ये शिरतो, तिचे सगळे मेसेज वाचतो, आणि सकाळी तिच्या दारात तिच्या आवडीची फुलं. आमच्या घरी बायको वाचते, आणि एखादा भाग चुकला तर पुढं काय झालं हे मीच विचारतो. मजा येते, नाही कशाला म्हणू. गोष्टीत असला चोर असायलाच हवा, नाहीतर वाचणार कोण? पण गोष्टीतल्या माणसाचं वर्णन 'सायबर सेलचा आदेश' म्हणून फिरवायला लागलात तर हिशेब वेगळा. नायक करतो त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं. बाईच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे, पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद. माझ्या काउंटरवर असले नायक येतात. हुडी नसते, बाकी सगळं असतं. "तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकून द्या, तिला कळायला नको, मी नवराच आहे तिचा." मी परत पाठवतो. ते दुसऱ्या दुकानात जातात, हेही मला माहीत आहे.

मोहक गुन्हेगाराचा खरा नमुनाच हवा असेल तर चार्ल्स शोभराज घ्या. १६ मार्च १९८६ ला वाढदिवस म्हणून तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई वाटली आणि हा चालत बाहेर पडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांतल्या आपल्या मधुकर झेंड्यांनी त्याला गोव्यातल्या एका हॉटेलात धरला. त्याच्या गोड बोलण्याला भुललेल्या प्रवाशांपैकी काहींचे मुडदेच सापडले. नेपाळनं २००४ मध्ये त्याला खुनासाठी जन्मठेप दिली. आणि फोनवरचा उस्ताद म्हणाल तर अमेरिकेचा केविन मिटनिक. १९९५ मध्ये पकडला गेला, सुटल्यावर २००० मध्ये तिथल्या सिनेटसमोर त्यानं सांगितलं की यंत्र फोडायची वेळ आपल्यावर क्वचितच यायची, कारण फोन करून विचारलं की लोक पासवर्ड सांगायचे. मोटोरोलासारख्या कंपनीतल्या माणसानं त्याला फोनचा सोर्स कोड, म्हणजे फोन चालवणारा मूळ प्रोग्राम, पाठवून दिला, नुसत्या बोलण्यावर. त्याच्यापुढे आमची तासगावची आत्या काय टिकणार?

नंतर मिटनिक कंपन्यांना सल्ला देऊन पोट भरू लागला. कंपन्यांच्या परवानगीनं त्रुटी शोधून बक्षीस मिळवणारी पोरं आपल्याकडेही आहेत. तेही हॅकरच, आणि ते सभ्य असतात, एवढं त्या मेसेजातलं खरं. फक्त ते तुम्हाला फोन करून जेवण झालं का विचारत नाहीत.

बाकीचे नियम भराभर घेतो.

'अनोळखी मिस्ड कॉलने फोन हॅक होतो.' यावर मी पूर्वी सरळ हसायचो. पण मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनंच जाहीर केलं की त्यांच्या कॉलिंगमधल्या एका त्रुटीतून, कॉल उचलला नाही तरी, फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलं जात होतं. इस्रायली कंपनीचं पेगॅसस. सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केलं होतं, त्यात भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. म्हणजे अशक्य नाही. पण ते हत्यार कोट्यवधींचं, सरकारांना विकलं जाणारं. ते तुमच्या बचत खात्यासाठी कोण वापरेल? ती त्रुटी तेव्हाच बुजवली गेली. तुम्ही फक्त व्हॉट्सॲप आणि फोन अपडेट करत जा. 'नंतर करू' दाबून तसेच ठेवलेले फोन माझ्याकडे ढिगानं येतात.

'गुड मॉर्निंगचे फोटो उघडू नका, पैसे जातात.' फोटोंनी नव्हे, वर सांगितलेल्या फाईलींनी जातात. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी, नाव काहीही असो, शेवटी '.एपीके' दिसलं की हात लावू नका. पत्रिका बघायला ॲप टाकावं लागत नाही.

'*#२१# दाबा, हॅकरचा नंबर दिसेल.' या कोडनं फक्त तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का, एवढंच कळतं. १५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागानं या असल्या कोडनी होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला सांगितलं, त्यामुळे कुणाला नुसता एरर येतो आणि तो घाबरून दुकानात येतो. *#६२# (फोन बंद असताना कॉल कुठं वळतात ते दाखवणारा कोड) दाबून मोबाईल कंपनीचाच नंबर दिसला म्हणून सिम तोडणारेही बघितलेत. खरा धोका उलटा आहे. *४०१* आणि पुढे एखादा नंबर दाबा, असं कुणी फोनवर सांगितलं तर दाबू नका, जिथं हा कोड अजून चालतो तिथं तुमचे कॉल त्या नंबरवर वळतात. याचा इशारा त्याच विभागानं जानेवारी २०२४ मध्ये दिला होता.

'कीपॅडचा फोन आणि गावातली सहकारी बँक असेल तर हॅकर काही करू शकत नाही.' कीपॅडच्या फोनमध्ये एपीके जात नाही, बरोबर. पण ओटीपी तोंडानं सांगता येतो, आणि तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं की कीपॅडवालाही तितकाच उघडा. सहकारी बँकेचं म्हणाल तर ऑगस्ट २०१८ आठवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये नेले, त्यातले बहुतेक नकली कार्डं वापरून २८ देशांतून. एकाही खातेदारानं कुणाला ओटीपी सांगितला नव्हता.

आणि शेवटी ते सदाबहार: 'एटीएममध्ये चोरानं अडवलं तर पिन उलटा टाका, पैसे निघतील आणि पोलिसांना कळेल.' ज्याचा पिन ७७७७ आहे त्यानं काय करायचं? विश्वास बसत नसेल तर जवळच्या एटीएमवर जाऊन उलटा टाकून बघा. 'चुकीचा पिन' येईल. हट्टानं तीनदा टाकलात तर कार्ड ब्लॉक होईल, पोलीस येणार नाहीत, आणि त्या दिवशी शनिवार असला तर बँक सोमवारी उघडेल.