‘पारेव’ वाचलं आणि काळजी मिटली?

नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, ज्यू नववर्ष, जवळ आला की आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. ज्या वहिनींकडे दुधाची ॲलर्जी असलेला पाहुणा जेवायला यायचाय, त्यांनीच खाली लिहिलं, “बरं झालं, एक काळजी मिटली.” म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांना धरून केलेलं, जेवण ॲलर्जीवाल्यांना मुळातच सुरक्षित. पाकिटावर ‘पारेव’ शिक्का असेल तर दुधाचा अंशही नाही. भांडी कोशर करून घेतली की जुनं काही उरत नाही. आपल्यात कोलंबी-खेकडा नाही, हलव्यात मैदा नाही. तरी काही झालंच तर ॲलर्जीची गोळी द्या, सणाच्या दिवशी फोन नको, धावपळ नको.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. पारेव म्हणजे धर्मशास्त्राच्या हिशेबाने त्यात मांसही नाही आणि दूधही नाही. पण त्याच शास्त्रात असंही आहे, की चुकून मिसळलेली वस्तू साठात एक भाग किंवा त्याहून कमी असेल, तर बहुतेक बाबतींत ती ‘नाही’ धरायची. मुद्दाम घालायची परवानगी नाही, पण चुकून पडलेलं चालतं. आता हिशेब करा. १०० ग्रॅम पारेव आइस्क्रीममध्ये या नियमाखाली सुमारे दीड ग्रॅम दूध बसू शकतं. त्यात साधारण ५० मिलिग्रॅम प्रथिन आलं. दुधाची पावडर असेल तर ४०० मिलिग्रॅमच्याही वर. आणि एफएओ-डब्ल्यूएचओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ गटाने दुधासाठी सुचवलेली संदर्भमात्रा, म्हणजे ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना जिच्याखाली त्रास होत नाही ती प्रथिनाची मात्रा, आहे २ मिलिग्रॅम. प्रत्येक पाकिटात एवढं असतं असं नव्हे, बहुतेकांत काहीच नसेल. पण शिक्क्याने त्याची हमी दिलेलीच नाही. शिक्का धर्माच्या प्रश्नाचं उत्तर देतो, आपण त्याला वैद्यकाचा प्रश्न विचारतोय.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९९२ साली ‘ॲनल्स ऑफ ॲलर्जी’ या वैद्यकीय नियतकालिकात एका मुलाची केस छापून आली. दुधाची ॲलर्जी असलेलं ते मूल कोशर-पारेव शिक्क्याचं, वर ‘डेअरी-फ्री’ लिहिलेलं डेझर्ट खाऊन ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीत, गेलं. डेझर्टमध्ये दूध मिसळलं गेलं होतं. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी एवढं एक वाचावं. शिक्का बघाच, पण मागची घटकांची यादी आणि ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही ओळही वाचा. दुधाची ॲलर्जी तीव्र असेल तर त्या दिवशी विकतचं गोड आणूच नका.

भांड्यांचं तर विचारूच नका. शास्त्रात २४ तास न वापरलेल्या भांड्यात मुरलेली चव बिघडली असं धरतात, आणि उकळत्या पाण्यात बुडवून भांडं कोशर करतात. हा चवीचा विचार झाला. प्रथिनाला घड्याळ कळत नाही. नॉनस्टिकच्या चरांत आणि लाकडी डावाच्या भेगांत ते बसून राहतं. पाहुण्यासाठी स्टीलचं पातेलं आणि स्टीलचा डाव घ्या, साबणाने घासा, नव्या घासणीने. त्याचं ताट आधी वाढा, मग बाकीच्यांचं.

कोलंबीचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. कोशर घरात कोलंबी, खेकडे, तिसऱ्या येत नाहीत, हे खरं. पण बाजारात सुरमई कुठल्या विळीवर कापली? त्याच विळीवर आधी काय साफ केलं? मासा अख्खा आणा आणि घरी कापा, कोशर माशाला लागतात ते खवलेही डोळ्यांनी दिसतील. पाहुण्याला माशाचीच ॲलर्जी असेल तर ‘रोश’, म्हणजे डोकं, म्हणून सणाच्या ताटात माशाचं डोकं हवंच असं नाही. कोबीचा किंवा लसणाचा गड्डा ठेवण्याची रीत आहे. आणि कालवण पाहुणा घरात असताना शिजवू नका, वाफेनेही काहींना त्रास होतो.

आता हलवा. मैदा नाही, बरोबर. पण त्यात गव्हाचा चीक असतो, तो मग कशाचा? गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून काढलेलं ते सत्त्व. चोथ्याबरोबर बरंच ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, निघून जातं, म्हणून काही जण तो चालेल म्हणतात. बरंच जातं, सगळं जात नाही. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक (ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असलेल्याला चिकाचा हलवा द्यायचा नाही.

त्याच्यासाठी चायनाग्रासचा करा. १० ग्रॅम चायनाग्रास अर्धा तास भिजवा, पाव लिटर पाण्यात पार वितळेपर्यंत उकळा. पाऊण लिटर नारळाचं दूध २०० ग्रॅम साखर घालून वेगळं गरम करा, मग दोन्ही एकत्र करा. दूध गार असेल तर चायनाग्रास घातल्याघातल्या गुठळ्या धरतो, हलवा वाया. रंगाला बिटाची एक चकती पुरे. नारळ ताजा फोडा. नारळाच्या दुधाच्या पावडरीत बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन, आणि नाव असं की नजरेतून सुटतं. बदाम-पिस्त्याचे काप कुठल्याच ताटावर भुरभुरू नका, ते उडून शेजारच्या ताटात पडतात. पोहे-खोबऱ्याच्या गोड मलिद्याचंही तेच, सुक्यामेव्यावाचून तो अडत नाही. नारळ चालतो ना, हे मात्र पाहुण्याला आधीच विचारा.

राहिली गोळी. अंगावरची खाज गोळीने थांबेल. घसा आवळायला लागला, श्वास घरघरायला लागला, चक्कर आली, तर गोळी उपयोगाची नाही. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. पाहुण्याकडे ते असतं का, कुठे ठेवतो, हे जेवायला बसण्याआधी विचारून घ्या. आणि सण आहे म्हणून फोन नको, हे कुठून आणलं? जीव वाचवण्यासाठी शब्बाथही, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवसही, मोडायचा असतो. अशा वेळी जो आधी विचारत बसतो तो रक्त सांडतो, असं ‘शुल्हान आरुख’ या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय. १०८ लावा. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. इंजेक्शनने बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्या, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.