आजीला खेळू द्या की!

आज सोसायटीच्या मीटिंगमधून डोकं तापवून घेऊन आले आहे, म्हणून मोठी पोस्ट. विषय निघाला होता ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राचा. मी सुचवलं, तिथल्या टीव्हीला एक गेम कन्सोल जोडूया. समोर उभं राहून हात-पाय हलवत खेळायचे गेम असतात ना, बोलिंग, टेनिस, तसे. सगळे हसले. एक गृहस्थ म्हणाले, "या वयात व्हिडिओ गेम? त्यापेक्षा पेटी घेऊन द्या, भजनं म्हणतील बिचारी." झालं, विषय संपला. उरलेला सगळा वेळ लॉबीच्या ग्रॅनाइटवर.

बिचारी कोण? ज्यांनी संसार उभे केले, नोकऱ्या केल्या, आपल्याला वाढवलं, ती? भजन म्हणायला कुणाची ना नाही. पण साठी उलटली की माणसाने फक्त बसून करायच्याच गोष्टी कराव्यात, हे ठरवणारे आपण कोण?

माझ्या आईचं सांगते. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. फिजिओने दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवलेला. विचारलं की म्हणायची, "केले गं सकाळीच." केलेले नसायचे, हे तिलाही माहीत आणि मलाही. खाली फिरायला जायची भीती वाटायची, आणि त्यात तिचं काय चुकत होतं? पेव्हर ब्लॉक उखडलेले, फुटपाथवर स्कूटर घालणारे. दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. बोलणंही कमी झालं होतं.

मग सुट्टीत माझ्या मुलाने माळ्यावरून जुना एक्सबॉक्स ३६० (मायक्रोसॉफ्टचा गेम कन्सोल) आणि त्याचं किनेक्ट काढलं. किनेक्ट म्हणजे टीव्हीपाशी ठेवायचा कॅमेरा. हातात काही धरावं लागत नाही, तो तुमच्या शरीराची हालचाल टिपतो. बोटं आखडलेल्यांसाठी याहून सोयीचं काय असणार! टीपॉय सरकवून सहा फूट जागा केली आणि बोलिंग लावलं. हात बाजूला नेऊन चेंडू उचलायचा, मागे न्यायचा आणि पुढे झोकून द्यायचा. आईचा चेंडू गेला कडेला. "थांब रे, परत टाकते." परत कडेला. मग एकदाच्या सगळ्या पिना पडल्या आणि ती जोरात ओरडली. बाबा गेल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

साडीत पाय झाकलेले, कॅमेऱ्याला ते नीट कळेनात. तर जन्मभर साडीशिवाय दुसरं काही अंगाला न लावलेल्या माझ्या आईने माझ्याकडे पंजाबी ड्रेस मागितला!

जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. छान आहे. पण कागद बघून ते रोज कोण करतं? चेंडू टाकताना आई एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेत होती, वाकत होती, परत सरळ होत होती. फिजिओ तेच तर सांगत होता. फरक एवढाच, की इथे तिला नातवाला हरवायचं होतं.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. निन्टेंडो कंपनीचं 'वी' हे हातात रिमोट धरून खेळायचं कन्सोल २००६ साली आलं आणि अमेरिकेत ज्येष्ठांच्या निवासांमध्ये त्यावर बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. व्हीलचेअरवर बसूनही लोक खेळायचे.

बरं, मान्य आहे, मोकळ्या हवेत चालण्याची सर याला नाही. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, हेही मान्य.

पण एक गोष्ट अजून सलते. घरातल्याच कुणीतरी आईचा खेळतानाचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. "आजी सो क्यूट." आईने ते वाचलं आणि काही दिवस टीव्हीसमोर फिरकलीच नाही. अरे, ती जिंकायला उतरली होती! तुमच्या करमणुकीसाठी नाही. कृपा करून आपल्या म्हाताऱ्या माणसांना असं बाहुलं करू नका.

पुन्हा खेळायला तिला माझ्या मुलानेच लावलं. समजूत वगैरे काढली नाही. "आजी, तू हरशील म्हणून येत नाहीस ना?" एवढंच म्हणाला. ती उठली, खुर्ची मागे सरकवली. आता संध्याकाळी तीच त्याला हाका मारते. शेजारच्या काकूही येतात, त्या बसून खेळतात, मध्येच जुन्या गोष्टी निघतात, चहा होतो. खिडकीशी बसणं कमी झालंय.

तर मंडळी, सोसायटीने पैसे नाही दिले तरी चालेल. किनेक्ट बनवणं मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच थांबवलं, पण मुलं मोठी झालेल्या कितीतरी घरांत ते माळ्यावर पडून असणार. तुमच्याकडे असेल तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. 'वी' कन्सोलसुद्धा चालेल, फक्त रिमोटची मनगटात अडकवायची पट्टी शाबूत असू द्या. आणि किनेक्टची अडॅप्टरची वायर सापडली तर तीही सोबत द्या, जुन्या एक्सबॉक्सला ती लागते.