नेशन्स कपला दुय्यम म्हणण्यापूर्वी

जून २०२५ मध्ये भारताचा महिला हॉकी संघ प्रो लीग या वरच्या स्तराच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या स्थानावर राहिला आणि त्या स्पर्धेतून बाहेर पडला, तेव्हा बेळगावातील आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसभर हळहळ चालली होती. ‘आता पोरींना दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत खेळावे लागणार’ हे वाक्य त्या दिवशी मी किमान दहा वेळा वाचले. १६ सामन्यांत अवघे १० गुण आणि युरोपातील शेवटच्या आठ सामन्यांत एकही विजय नाही, ही कामगिरी वाईटच होती आणि ती मी झाकू इच्छित नाही. परंतु त्यानंतर ज्या नेशन्स कपकडे आपण नाक मुरडून पाहू लागलो आहोत, त्या स्पर्धेविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे. खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी २६ वर्षे क्रीडाशिक्षिका होते आणि मुलींच्या हातात स्टिक देण्यातच माझा बहुतेक काळ गेला, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजते.

प्रो लीगमध्ये नऊ संघ असतात आणि प्रत्येकाला १६ सामने मिळतात. त्यांच्या खालोखालच्या संघांसाठी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने नेशन्स कप सुरू केला. त्यात आठ संघ आठवडाभर एकाच ठिकाणी खेळतात आणि विजेत्याला प्रो लीगमध्ये जाण्याचा हक्क मिळतो.

या स्पर्धेचा पहिलाच चषक भारताने जिंकला होता, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते? डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे सविता पुनियाच्या नेतृत्वाखालील संघाने चिली, जपान आणि दक्षिण आफ्रिका यांना साखळीत हरवले, उपांत्य सामन्यात आयर्लंडशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर शूटआउटमध्ये, म्हणजे गोलरक्षकासमोर एकेकटीने गोल करण्याच्या चढाओढीत, बाजी मारली आणि १७ डिसेंबरला गुरजीत कौरच्या पेनल्टी कॉर्नरवरील (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीवरील) एकमेव गोलाच्या बळावर यजमान स्पेनला त्यांच्याच मैदानावर नमवले. दुसऱ्याच दिवशी कतारमध्ये फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आपल्याकडे तर त्या महिन्यात सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता, गाड्यांवर दगडफेक झाली होती, आणि १९ तारखेपासून बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरणार असल्यामुळे गावोगावी बंदोबस्ताचीच चर्चा होती. त्या गर्दीत ही बातमी आतल्या पानावर गेली याचे कारण मला कळते. मात्र पुढे तीन वर्षांतही तिची कोणी आठवण काढली नाही, याचे मला वाईट वाटते.

माझा मुख्य मुद्दा जपानचा आहे. ज्या जपानला आपण व्हॅलेन्सियात २-१ असे हरवले, त्याच जपानने तेरा महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, रांचीतील पात्रता स्पर्धेत आपल्याला १-० असे हरवले आणि पॅरिस ऑलिंपिकचे दार बंद झाले. त्याच स्पर्धेत अमेरिकेनेही आपल्याला एका गोलाने हरवले होते. त्याआधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला बाहेर काढून चौथा क्रमांक मिळवणाऱ्या संघाचे पुढचे ऑलिंपिक हुकले, ते केवळ नेदरलँड्स किंवा अर्जेंटिना यांच्यासारख्या बलाढ्य संघांमुळे नव्हे. नेदरलँड्सविरुद्ध खेळताना तुम्ही बराच वेळ बचावात असता आणि मिळालेल्या एखाद्या संधीची वाट पाहता, पण जपान, आयर्लंड किंवा चिलीविरुद्ध सामना तुम्हालाच घडवावा लागतो. समोरचे अकराही जण त्यांच्या गोलसमोरच्या वर्तुळात दाटीवाटीने उभे असताना फट शोधावी लागते, पेनल्टी कॉर्नर मिळवावा लागतो आणि तो वाया घालवून चालत नाही. हे कौशल्य वेगळे आहे आणि ते नेशन्स कपमध्येच अंगी मुरते. म्हणूनच तेथे प्रयोगासाठी अर्धा संघ पाठवू नये, सर्वोत्तम संघच उतरवावा, असे माझे ठाम मत आहे.

सामने मिळाले नाहीत तर काय होते, हे मी फार जवळून पाहिले आहे. एका वर्षी मुलींच्या स्पर्धेसाठी तीनच संघांनी नावे दिली म्हणून आयोजकांनी ती भरवलीच नाही. माझ्या संघातील मुली जूनपासून रोज पहाटे पावसात, लाल चिखलात सराव करत होत्या, आणि त्या वर्षी त्यांच्या वाट्याला एकही सामना आला नाही. पुढच्या वर्षी सोळांपैकी सात जणीच मैदानावर आल्या. उरलेल्यांच्या घरच्यांना मी काय सांगणार होते?

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आले. त्यांच्या काळी सारे जग गवतावर खेळत होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे सपाट मैदान, आले आणि खेळाचा वेगच बदलला. आमच्या मुली मात्र मातीवरच शिकतात. मातीवर चेंडू उसळतो, त्यामुळे आमच्या मुली तो अडवताना स्टिक किंचित वर धरायला शिकतात आणि टर्फवर पहिल्यांदा उतरल्या की चेंडू स्टिकखालून निघून जातो. ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन जोरात फेकण्याचा फटका, तर खडबडीत मातीवर शिकवणे जवळजवळ अशक्य आहे, कारण चेंडू स्टिकला चिकटून सरकतच नाही. तरीही बेळगावातून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग ज्या साताऱ्याला पोहोचतो, त्याच सातारा जिल्ह्यातील वैष्णवी फाळके भारतीय संघात पोहोचली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात खेळली. माझ्या मुलींना ती परकी वाटत नाही, तिचे मराठी बोलणे ऐकून त्यांचे चेहरे उजळतात.

नेशन्स कपचे भारताचे सामने शाळेच्या सभागृहात पडद्यावर दाखवण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. टिळकवाडीतील एका जुन्या खेळाडूने प्रोजेक्टर देण्याचे कबूल केले आहे, आणि शेजारच्या कन्नड शाळेतील मुलींनाही आम्ही बोलावणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी खाली कळवावे, म्हणजे खुर्च्यांचा अंदाज येईल.