न्यूमोनियातला मुका पी

ऑक्टोबर 2022मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीतून आली आणि आमच्या इंदूरच्या नातेवाइकांत जुंपली. विषय निघाला की अजूनही जुंपते. काहींचं म्हणणं, मुलांना आपल्या भाषेत कळू दे. बाकीच्यांचा आक्षेप असा की पारिभाषिक शब्द सगळे इंग्रजीच आहेत, नुसते नागरीत लिहिलेत, याला काय अर्थ? मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि मला त्या पुस्तकांतली नेमकी हीच गोष्ट पटते.

लेस्टरचंच घ्या. स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर 'लेइसेस्टर' होतं. ग्लॉस्टर, वूस्टर यांचीही तीच गत. कुणी सांगितल्याशिवाय हे उच्चार कळत नाहीत. न्यूमोनियाचा पी मुका, सरदार या अर्थाच्या नाइटचा के मुका. हा के एके काळी उच्चारला जायचा. 1476 साली इंग्लंडात छापखाना आला, स्पेलिंग हळूहळू गोठलं आणि बोलणं मात्र पुढे बदलत राहिलं. कर्ज या अर्थाच्या डेटमधला बी तर बोलण्यात कधी नव्हताच. मूळ लॅटिन शब्दात तो आहे म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. आपण मराठीत 1962च्या नियमांनी 'तें', 'केलें' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीत असा निर्णय करणारी अधिकृत संस्थाच नाही.

मग इथल्या शाळा काय करतात? अक्षरांच्या नावांआधी ध्वनी शिकवतात. 2012पासून इंग्लंडमध्ये पहिलीच्या मुलांची वाचनाची तपासणी होते. चाळीस शब्द, त्यातले वीस चक्क निरर्थक, म्हणजे पाठांतराचा उपयोग नाही. माझ्या मुलीला सरावासाठी दिलेल्या कागदावर अशा प्रत्येक शब्दाशेजारी एक चिमुकला राक्षस काढला होता. जे शब्द नियमात बसत नाहीत त्यांची यादी वेगळी, आणि ते तसे का वाचायचे हे मुलांना सरळ सांगितलं जातं. चुकलं तर पुन्हा वाचायचं, एवढंच.

आपल्याकडे मात्र अजून एकेक स्पेलिंग दहादा लिहून घेतात. 'रफ'सारखं लिहिलेलं म्हणून एखादं मूल खोकल्याच्या इंग्रजी शब्दाला 'कॉफ'ऐवजी 'कफ' म्हणतं आणि वर्ग हसतो. त्या मुलाचा तर्क अगदी बरोबर असतो, पण ते पुन्हा हात वर करत नाही. मला याचा राग येतो. पुढे लग्नाच्या बोलणीतसुद्धा इंग्रजी उच्चारांवरून माणसं जोखली जातात, आणि तीही आपलीच माणसं जोखतात.

न्यूमोनिया नागरीत लिहिला की इंदूरच्या रामबागेतल्या मुलीला तो पहिल्याच खेपेला नीट म्हणता येतो. शेजारी रोमन स्पेलिंग हवंच, कारण पुढचं बरंचसं संशोधन तिला त्याच लिपीत वाचायचं आहे. शाळेच्या इंग्रजी पुस्तकांतही सुरुवातीची काही वर्षं शब्दाखाली नागरी उच्चार छापावा, असं माझं मत आहे.

नागरीत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे आघात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलेबलवर असतो, फोटोग्राफरमध्ये तो दुसऱ्यावर जातो. इंग्रजी शब्दकोश जोराच्या अवयवाआधी छोटी उभी रेघ देतात. तीच रेघ आपल्याला नागरीतही देता येईल.